गल्लीला आधीच ठाऊक होते

जुन्या राजिंदर नगरातील एका शिकवणी केंद्राच्या तळघरात २७ जुलै २०२४ च्या सायंकाळी पावसाचे पाणी शिरले आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या तळघराला परवानगी होती ती वाहने लावण्याची आणि सामान ठेवण्याची. प्रत्यक्षात तेथे वाचनालय चालत होते. त्याच आठवड्यात शेजारच्या पटेल नगरात पाणी साचलेल्या रस्त्यावर विजेचा धक्का बसून आणखी एक विद्यार्थी दगावला होता. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला, तळघरांना टाळी लागली, विद्यार्थी कित्येक दिवस रस्त्यावर ठाण मांडून बसले, संसदेत चर्चा झाली. मराठी वाचकांना हे सारे आठवत असेल, कारण त्या गल्ल्यांतून राहणाऱ्या मुलामुलींत महाराष्ट्रातून आलेल्यांची संख्या लहान नाही. त्या रात्री मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किती घरांतून दिल्लीला फोन लागत राहिले असतील, याची कल्पना करवत नाही.

मी करोल बागेत राहतो. घटनास्थळ माझ्या घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. त्या रात्री आणि नंतरही मला अस्वस्थ करीत राहिली ती एक साधी गोष्ट. त्या रस्त्यावर पाणी तुंबते, हे तेथील प्रत्येकाला ठाऊक होते. चहाच्या टपरीवाल्याला ठाऊक होते, कारण पहिल्या सरीबरोबर तो आपली शेगडी उचलून पायरीवर ठेवत असे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकिणींना ठाऊक होते. विद्यार्थ्यांना तर निश्चितच ठाऊक होते. एका विद्यार्थ्याने तळघरातील बेकायदा वाचनालयांविषयी घटनेच्या महिनाभर आधी शासकीय तक्रार-संकेतस्थळावर रीतसर लेखी तक्रार नोंदविली होती आणि तिची स्मरणपत्रेही पाठविली होती. म्हणजे माहिती होती, ती सांगणारी माणसे होती, सांगण्याचे साधनही होते. माहितीला पोहोचायला जागा मात्र नव्हती.

दिल्लीतील पर्यावरणाची चर्चा एरवी फार वरून होते. हवेची गुणवत्ता, पराली, यमुनेचा फेस, गाझीपूरच्या कचऱ्याचा डोंगर आणि त्यावर न्यायालयाचे ताशेरे. यांपैकी कोणताही विषय क्षुल्लक नाही. पण शहराचे पर्यावरण ज्या ठिकाणी माणसाच्या घोट्याला लागते, ते ठिकाण गल्ली हे असते. आणि गल्लीत काम करणारी माणसे, संघटना, मंडळे, पंचायती यांचे जाळे राष्ट्रीय चर्चेत क्वचितच दिसते. म्हणून या लेखात मी केवळ करोल बागेविषयी लिहिणार आहे.

हा भाग बाहेरच्यांना बाजार म्हणून माहीत आहे. लग्नाचे कपडे, गफ्फार मार्केटमधील मोबाइल, नाईवाल्यातील मोटारसायकलींचे सुटे भाग, बँक स्ट्रीटचे सोने. पण बाजाराच्या पाठीमागे जी वस्ती आहे ती थरांनी बनलेली आहे. रैगरपुरा हे नावच राजस्थानातून आलेल्या, चामड्याचे काम करणाऱ्या रैगर समाजाचे. बीडनपुरा हे एका इंग्रज उपायुक्ताचे नाव. बापा नगर ठक्करबाप्पांचे. हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले, तेव्हा येथे शहराची वेस होती. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातील निर्वासित आले आणि त्यांनी दुकाने थाटली. दागिने घडविणारे बंगाली कारागीर आले. त्यांच्या मागोमाग, किंवा काहींच्या मते त्यांच्याही आधी, सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदी गाळणारे मराठी गलाई व्यावसायिक आले. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आले ते परीक्षार्थी, जे दोन-तीन वर्षे राहतात आणि जातात.

या प्रत्येक थराची स्वतःची संघटना आहे. दिल्लीत जिला सारे जण ‘आरडब्ल्यूए’ म्हणतात ती रहिवाशांची कल्याण संघटना प्रत्येक ब्लॉकला आहे. प्रत्येक बाजाराचा व्यापारी संघ आहे. फेरीवाल्यांच्या युनियन एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे एकमेकींशी पटत नाही. दुर्गापूजेच्या समित्या आहेत, गणेशोत्सवाचे मंडळ आहे, गुरुद्वाऱ्यांची सेवादारांची फळी आहे. परीक्षार्थ्यांचे मोबाइलवरील गट आहेत; त्यांत खोली, खानावळ, टिपणे आणि कोणत्या रस्त्याने आज जाऊ नये, हे सारे काही मिनिटांत पसरते. एका चौरस किलोमीटरमध्ये इतक्या संघटना असलेला प्रदेश भारतात दुसरीकडे असेलही, पण मी पाहिलेला नाही. आणि तरीही गटार तुंबते, तेव्हा ते कोणाचे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो.

त्याचे एक कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. दिल्लीत साठ फुटांहून रुंद रस्ते आणि त्यांच्या कडेची गटारे ही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. त्याहून अरुंद गल्ल्यांतील महापालिकेकडे. सांडपाण्याच्या वाहिन्या जल मंडळाकडे. मोठे नाले आणखी तिसऱ्या-चौथ्या खात्याकडे. पाण्याला मात्र या हद्दी ठाऊक नसतात. रिजच्या उतारावरून आलेले पाणी मोठ्या रस्त्यावरून लहान गल्लीत शिरते, तेथे त्याला सांडपाणी मिळते, आणि त्या मिश्रणाची मालकी कोणत्याच खात्याच्या नोंदवहीत बसत नाही. शहराचा पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा बृहत् आराखडा १९७६ सालचा. त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे शहर त्याच आधारावर वाढत राहिले. आमच्या ब्लॉकच्या एका तुंबलेल्या झाकणाविषयी मी स्वतः केलेली तक्रार अशीच एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेली आणि अखेरीस ‘निकाली’ असा शेरा घेऊन परतली. झाकण अजून तेथेच आहे. त्याच्यावर आता कुणीतरी कुंडी ठेवली आहे.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. या संघटना एकमेकींकडे शेजारी म्हणून पाहत नाहीत, अडथळा म्हणून पाहतात. अजमल खान रोडचा अनुभव हेच सांगतो. २०१९ साली उत्तर दिल्ली महापालिकेने या रस्त्याचा मुख्य भाग वाहनांना बंद केला आणि पादचाऱ्यांसाठी खुला केला. ज्याने त्यापूर्वीचा तो रस्ता पाहिला आहे, त्यालाच या निर्णयाचे धाडस कळेल. दुतर्फा उभ्या मोटारी, मधून रेंगाळणाऱ्या रिक्षा, हॉर्नचा कल्लोळ. तो एकाएकी थांबला. बाके आली, झाडांच्या कुंड्या आल्या, भिंतींवर चित्रे आली. पहिल्या उन्हाळ्यात मी तेथे म्हाताऱ्या जोडप्यांना कुल्फी खात बसलेले पाहिले आणि मनोमन महापालिकेची क्षमा मागितली, कारण हा प्रयोग आठवडाभरही टिकणार नाही असे मी चारचौघांत म्हणालो होतो.

व्यापाऱ्यांना आरंभी भीती होती की गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. गिऱ्हाईक आले. पण मोकळी झालेली जागा पुढे फेरीवाल्यांनी भरून काढली आणि व्यापाऱ्यांची तक्रार बदलली. फेरीवाल्यांचे म्हणणे असे की, माणसे पायी चालू लागली म्हणजेच आमचा धंदा होतो. पादचारी रस्ता आमच्यावाचून कसला? दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रहिवाशांना तिसराच प्रश्न पडला: अजमल खान रोडवरून हाकललेल्या मोटारी आता आमच्या गल्लीत उभ्या राहतात. तिघांनाही स्वच्छ हवा हवी होती. तिघांनीही आपापल्या ठिकाणी निवेदने दिली. तिघे एका खोलीत बसल्याचे निदान माझ्या पाहण्यात नाही.

वस्तुतः अशी खोली कायद्याने निर्माण केलेली आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार प्रत्येक नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या असतात, त्यांत एक तृतीयांश महिला. आणि त्याच समितीत व्यापारी संघ, रहिवाशांच्या संघटना, स्वयंसेवी संस्था, वाहतूक पोलीस, नियोजन प्राधिकरण आणि पालिकेचा वैद्यकीय अधिकारी यांनाही स्थान असते. आपल्या नागरी कायद्यांत फेरीवाला, दुकानदार आणि घरमालक यांना एकाच टेबलाशी हक्काने बसविणारी दुसरी तरतूद मला आढळलेली नाही. या समितीच्या पुढ्यात विषय येतो तो केवळ फेरीवाल्यांच्या जागेचा. त्या जागेखालचे गटार, तिच्यावरचे झाड आणि तेथे साचणारा कचरा तिच्या कक्षेबाहेर राहतात. कायदा करणाऱ्यांना पर्यावरण अभिप्रेत नव्हते, हे उघड आहे. पण शहरी पर्यावरणाची समिती कशी असावी, याचा सर्वांत चांगला नमुना त्यांच्या हातून नकळत घडला, असे मला वाटते.

कचऱ्याकडे वळू. दिल्लीतल्या प्रत्येक मोहल्ल्यात ‘ढलाव’ नावाची एक वास्तू असे: तीन भिंती, वर छप्पर, समोर उघडे. घराघरांतून गोळा केलेला कचरा तेथे ओतला जाई, आणि तेथेच कचरावेचक कुटुंबे तो निवडीत. कागद वेगळा, प्लास्टिकचे आठ-दहा प्रकार वेगळे, काच वेगळी, तार वेगळी. जागा घाणेरडी होती यात वाद नाही. ती बंद व्हावी अशी मागणी करणाऱ्या पत्रावर माझीही सही आहे. महापालिकेने अनेक ढलाव बंद केले, त्यांच्या जागी कचरा दाबून भरणारी यंत्रे बसविली. रस्ता स्वच्छ झाला. पण निवडण्याची जागा गेली, आणि जो कागद वा बाटली पूर्वी पुन्हा वापरात जाई ती आता ओल्या कचऱ्यासह दाबली जाऊन डोंगराकडे निघाली. निवडणारी कुटुंबे पुलाखाली, पदपथावर, कुणाच्या तरी बंद दुकानापुढे बसून तेच काम करू लागली आणि त्यावरून नव्या तक्रारी सुरू झाल्या. माझ्या सहीचा हा अर्थ होतो, हे मला फार उशिरा समजले.

२०१६ चे घनकचरा नियम वाचले तर आश्चर्य वाटते. रहिवासी संघटना आणि बाजार संघटना या दोघींवरही त्या नियमांनी कर्तव्य टाकले होते: कचरा उगमाशीच वेगळा होईल असे पाहणे, पुनर्वापराचा माल अधिकृत कचरावेचकांच्या हाती देणे, शक्य तेथे ओला कचरा आवारातच जिरविणे. कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर होती. कर्तव्ये अशी भरघोस. पण ती पार पाडण्यासाठी लागणारी जागा, पैसा आणि अधिकार यांचा पत्ता नाही. करोल बागेतल्या गल्लीत आवार म्हणतात ते चार फुटांचा जिना असतो. खत कोठे करावे?

पुण्याचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते आणि ते मराठी वाचकांना नवे नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली ती कचरावेचकांची संघटना म्हणून. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. घराने महिन्याचे शुल्क द्यायचे, वेचकाने कचरा न्यायचा, निवडलेल्या मालाचे उत्पन्न त्याचे. करार नूतनीकरणाच्या वेळी दर खेपेस होणारी ओढाताण मी जाणतो. ‘स्वच्छ’ला पुण्यात सर्वत्र शाबासकीच मिळते असे नाही. तरीही तेथे एक क्रम पाळला गेला: आधी श्रम करणाऱ्यांची संघटना, मग करार, मग स्वच्छतेचे तंत्र. दिल्लीत आधी यंत्र आले. कचरावेचकांच्या संघटना दिल्लीतही आहेत आणि त्यांनी चांगले काम केले आहे. परंतु आमच्या गल्लीच्या कराराच्या कागदावर त्यांचे नाव कधी आले नाही.

आता गलाईवाल्यांविषयी, कारण त्यांची गोष्ट मला सर्वांत गुंतागुंतीची वाटते. सोनाराच्या दुकानातील केर, कानसेतील कण, जुने दागिने, कारागिराच्या हात धुण्याच्या पाण्यातला गाळ, हे सारे आटवून त्यातून शुद्ध सोने परत मिळविणे हा त्यांचा धंदा. पुनर्वापर म्हणावे तर याहून काटेकोर पुनर्वापर जगात नाही. येथे रस्त्याचा केरसुद्धा विकत घेतला जातो. पण सोन्यातून चांदी-तांबे वेगळे करण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरावे लागते, ज्याला बाजारात नुसते तेजाब म्हणतात. त्याचा तपकिरी धूर वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या खिडकीत जातो आणि उरलेले आम्ल, प्रक्रिया न केल्यास, गटारात. शिवाय भट्टी पेटवून काम करणारा मुलगा त्या धुराच्या सर्वांत जवळ असतो. तो आटपाडीहून आलेला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा असतो.

दिल्लीने या प्रकारच्या धंद्यांशी वागण्याची एकच पद्धत पाहिली आहे: टाळे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रदूषणकारी उद्योग शहराबाहेर काढण्याची मोहीम झाली, तेव्हा हजारो कामगार रस्त्यावर आले. २००६ मध्ये आणि पुन्हा २०१७-१८ च्या सुमारास व्यापारी गाळ्यांना टाळी लागली. टाळ्याने धूर थांबत नाही, तो दुसऱ्या, अधिक अंधाऱ्या खोलीत जातो. माझ्या परिचयाच्या एका गलाई व्यावसायिकाने, ज्यांना सारा बाजार आण्णा म्हणतो, मला एकदा हिशेब मांडून दाखविला होता. धूर धुऊन काढणारे यंत्र एकट्याला परवडत नाही. दहा जणांनी मिळून एक बसविले तर परवडते. पण दहा जणांना मिळून जागा कोणी भाड्याने देत नाही, कारण मालकाला टाळ्याची भीती. या हिशेबात पर्यावरणाविषयी अनास्था कोठे आहे, हे मला दिसले नाही. आणि हीच माणसे गणेशोत्सवात दहा दिवस इतकी चोख व्यवस्था ठेवतात की पाहत राहावे. यमुनेत विसर्जनाला बंदी आल्यापासून कृत्रिम तलावाकडे मिरवणूक नेण्याचे नियोजन, मूर्तीची उंची, निर्माल्याच्या वेगळ्या पोत्या हे सारे मंडळाने कुणीही न सांगता बसविले. दुर्गापूजेच्या समित्यांनाही तेच नियम लागू असल्याने कोणी कोणत्या दिवशी जायचे याची बोलणी दोघांनी परस्परांत केली, एवढे मी ऐकून आहे. उत्सवासाठी जे जमते ते आम्लासाठी का जमू नये?

येथे एक इशारा दिला पाहिजे, नाही तर हा लेख भाबडा ठरेल. स्थानिक संघटन ही आपोआप चांगली गोष्ट नसते. १९९५ च्या जानेवारीत उत्तर दिल्लीतील अशोक विहारमध्ये, बंगल्यांच्या वसाहतीलगतच्या बागेत, शौचासाठी गेलेल्या एका झोपडपट्टीतील अठरा वर्षांच्या मुलाला रहिवासी आणि पोलीस शिपाई यांच्या जमावाने मारहाण करून ठार केले. वसाहतीला बाग स्वच्छ आणि हिरवी हवी होती. वस्तीजवळ शौचालये नव्हती. समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी या घटनेपासून आरंभ करून दिल्लीतल्या मध्यमवर्गीय पर्यावरणवादाची जी चिकित्सा केली, ती अजून जुनी झालेली नाही. महाराष्ट्रातील साखर सहकाराचे अभ्यासक बी. एस. बाविस्कर यांच्या त्या कन्या. वडिलांनी सहकारी कारखान्यात सत्ता कोणाकडे जाते हे पाहिले, मुलीने शहरी हिरवळीत ती कोणाकडे जाते हे पाहिले. दोघांचा प्रश्न फारसा वेगळा नाही.

शीला दीक्षित सरकारने २००० साली सुरू केलेली ‘भागीदारी’ योजना याच प्रश्नावर अडखळली. नागरिकांच्या संघटनांना प्रशासनासमवेत बसविण्याचा तो देशातील मोठा प्रयोग होता आणि त्यातून पाणी, वीज, बागा यांची कामे खरोखर झाली. मात्र निमंत्रण होते ते नियोजित वसाहतींच्या संघटनांना. झोपडपट्ट्या आणि अनधिकृत वसाहती, म्हणजे दिल्लीचा मोठा भाग, त्या बैठकांबाहेर राहिला. पुढे मोहल्ला सभांची घोषणा झाली, तिच्या सीमाही आखल्या गेल्या, पण ती रुजली नाही. महापालिकेची २०२२ ची ‘सहभागिता’ योजना मालमत्ता कराची वसुली ९० टक्क्यांवर नेणाऱ्या वसाहतींना विकासकामे सुचविण्याचा वाटा देते. कल्पना वाईट नाही. पण करोल बागेत जो राहतो तो बहुधा भाडेकरू असतो. जो कर भरतो तो बहुधा येथे राहत नाही. तळघरात बुडालेल्यांपैकी एकही जण कोणत्याही कल्याण संघटनेचा सभासद नव्हता, असे मी समजतो. होऊच शकला नसता.

मुंबईने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनपासून ‘एएलएम’ चळवळ पाहिली. शेकडो गल्ल्यांत ती पसरली, नंतर ओसरली, आणि तिच्यावरही झोपडपट्टीला वगळल्याचा आक्षेप आला. महाराष्ट्रात क्षेत्रसभांची तरतूद २००९ साली कायद्यात आली. ती कागदावरच राहिली. तेव्हा हा दिल्लीपुरता दोष आहे असे समजून मराठी वाचकांनी निश्चिंत होऊ नये. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सांगितल्या. दिल्लीत २५० प्रभागांसाठी १२ विभाग आहेत आणि त्यांच्या समित्यांवर नगरसेवक व नामनियुक्त सदस्य बसतात. सामान्य नागरिकाला तेथे खुर्ची नाही.

तरीही मी पूर्णतः निराश नाही, आणि याचे कारण माझ्या खिडकीतून दिसते. करोल बागेच्या पाठीशी जो हिरवा उंचवटा आहे तो दिल्लीचा मध्य रिज, अरवलीची अखेरची शेपटी, सुमारे ८६४ हेक्टरांचे काटेरी जंगल. त्यात विलायती कीकर फार माजले आहे हे खरे, पण ते जंगल आहे. १९७९ साली या रिजवर अतिक्रमण आणि तोड वाढली तेव्हा दिल्लीतील शाळा-महाविद्यालयांतील काही मुलांनी मोर्चा काढला. त्यातून ‘कल्पवृक्ष’ ही संस्था जन्मली, जिचे मुख्य कार्यालय आज पुण्यात आहे. त्यानंतर पंधरा वर्षे वेगवेगळ्या संघटना कधी एकत्र, कधी भांडत, पत्रके काढीत आणि नकाशे करीत राहिल्या, आणि १९९४ मध्ये रिजचा सुमारे ७,७७७ हेक्टर प्रदेश राखीव वन म्हणून अधिसूचित झाला. अंतिम अधिसूचनेचे काम त्यानंतर तीन दशके रेंगाळले, मध्य दिल्लीत झाडे तुटत राहिली, हे सारे मान्य. पण त्या शाळकरी मुलांकडे ना मालमत्ता होती, ना मत. आज करोल बागेत येणारे परीक्षार्थी वयाने त्यांच्याहून फार मोठे नाहीत.

रिजच्या पश्चिमेला, आमच्याच कुंपणाला लागून, पुसाची कृषी अनुसंधान संस्था आहे. १९३४ च्या भूकंपानंतर ती बिहारमधील पुसा गावाहून १९३६ साली येथे आली आणि गावाचे नाव सोबत घेऊन आली. तिने २०१२ पासून शेजारच्या वसाहतीचे सांडपाणी, दिवसाला सुमारे २२ लाख लिटर, पाणकणसासारख्या वनस्पतींच्या वाफ्यांतून शुद्ध करून सुमारे १३२ हेक्टर शेताला दिले आहे. करोल बागेतील किती जणांनी तो प्रकल्प पाहिला आहे, हे मी आमच्या ब्लॉकच्या बैठकीत विचारले होते. दोन हात वर झाले. त्यांतला एक संस्थेच्या निवृत्त कर्मचाऱ्याचा होता.

गेल्या जूनमध्ये, पाऊस येण्यापूर्वी, आम्ही एक छोटी गोष्ट केली. ब्लॉकमधील एका निवृत्त शिक्षिकेकडे वही आहे. त्यात गेल्या अकरा वर्षांतील पाणी तुंबण्याच्या तारखा, ठिकाणे आणि पायरीवरील उंची लिहिलेली आहे. ती वही घेऊन आम्ही सात जण गटाराच्या काठाकाठाने चाललो. शिक्षिका होत्या, आण्णा होते, अजमल खान रोडवर मोजे विकणारी एक बाई होती, जी युनियनची आहे, एक कपड्यांचे व्यापारी होते, ढलावाच्या जुन्या जागेवर काम केलेला एक कचरावेचक होता, लातूरकडचा एक परीक्षार्थी होता आणि मी. मोजे विकणाऱ्या बाईंनी अशी तीन झाकणे दाखविली जी वहीत नव्हती, कारण ती दुकानांच्या ओट्यांखाली गेली होती. व्यापारी गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. त्यांतला एक ओटा त्यांचा होता. कचरावेचकाने सांगितले की, कोणत्या गल्लीत गटारात काय सापडते यावरून वर कोणता धंदा चालतो हे त्याला कळते, आणि त्याने आण्णांकडे पाहिले. आण्णा हसले आणि म्हणाले, ‘‘बाबा, ते आमचंच.’’ परीक्षार्थी मुलगा प्रत्येक झाकणाचे छायाचित्र काढून नकाशावर टाकीत होता आणि मधूनच विचारीत होता की हे कोणत्या खात्याचे, म्हणजे ते अर्जात लिहिता येईल. एकूण एकेचाळीस झाकणे झाली. नऊ उघडत नव्हती. चार कोणत्या खात्याची, यावर आमच्यात एकमत झाले नाही.

नकाशा आम्ही तीन कार्यालयांत दिला. एका ठिकाणी पोच मिळाली. त्या मुलाची पूर्वपरीक्षा तेव्हा आटोपली होती आणि निकाल लागताच तो गावी गेला. नकाशाचा सांकेतिक शब्द त्याच्याकडे राहिला होता, तो त्याने फोनवर सांगितला, शिक्षिकांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. व्यापारी गृहस्थांनी ओट्याची फरशी एका रविवारी उचलली. खालचे झाकण जाम होते. ते उघडायला गॅस कटर लागला आणि तो आण्णांच्या ओळखीने मिळाला.